सोळा बार म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं: हिप-हॉप 'ख्रिसमस कॅरल'च्या ऑडिशनची तयारी

शिकागोत मास्टर्स करणाऱ्या नाशिकच्या एका मुलानं विचारलंय: "ताई, डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'वर हिप-हॉप म्युझिकल होतंय. ऑडिशनला सोळा बार रॅप, सोळा बार गाणं आणि नंतर नाचाची फेरी आहे. मी सहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकलोय, पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला दोनदा काम केलंय, हौसेनं मराठीत रॅप लिहितो. नाच येत नाही. रॅप कुठला निवडू? माझ्या उच्चारांचं काय? कुठली भूमिका मागू? मराठी रॅप करून दाखवला तर चालेल का?"

मी अठरा वर्षं शिकागोत नाटकात आहे. आधी समूहात नाचले, गायले. आता नृत्यदिग्दर्शनात साहाय्य करते, त्यामुळे ऑडिशनला टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. तिथून जे दिसतं ते सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. या ऑडिशनला कोणी सगळ्यात वेगवान रॅपर शोधत नसतं. रॅपमधून गोष्ट सांगणारा माणूस हवा असतो. प्रेक्षकांत आजी असते, सहा वर्षांचा नातू असतो, आयुष्यात रॅप न ऐकलेले आजोबा असतात, आणि त्या सगळ्यांना कंजूष मालक स्क्रूज कोण, त्याचा मेलेला भागीदार मार्ली भूत होऊन का आला, कारकून बॉब क्रॅचिटच्या आजारी मुलाचं, टायनी टिमचं काय झालं हे पहिल्याच ऐकण्यात कळायला लागतं. पुस्तकासारखं मागचं पान उलटून बघता येत नाही. तुझी सगळी तयारी या एका गोष्टीभोवती ठेव.

त्यासाठी आधी मूळ पुस्तक वाच. सिनेमे बघून भागत नाही. पुस्तक छोटं आहे, दोन संध्याकाळी पुरतात. १९ डिसेंबर १८४३ ला ते लंडनमध्ये निघालं आणि सहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपली. डिकन्सनं ते जेमतेम सहा आठवड्यांत लिहिलं. बारा वर्षांचा असताना वडील कर्जापायी मार्शल्सीच्या तुरुंगात गेले होते आणि त्याला बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर लेबलं चिकटवावी लागली होती. क्रॅचिटच्या घरातली गरिबी त्यानं आतून पाहिलेली आहे. हिप-हॉपही अशाच घरांतून आलं. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १५२० सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीत डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, ती त्याची जन्मतारीख धरतात. त्या वस्तीला तेव्हा शहरानं जवळजवळ वाऱ्यावर सोडलं होतं. म्हणून या गोष्टीला हिप-हॉप चढवलेलं वाटत नाही.

दुसरं कारण भाषेचं. डिकन्सनं पुस्तकाच्या प्रकरणांना प्रकरणं न म्हणता 'स्टेव्ह' म्हटलंय, म्हणजे गाण्याची कडवी. आणि त्याला शब्दांवर कोटी करायचा भारी नाद. क्रॅचिटचं नाव बॉब, आणि बोलीत तेव्हा शिलिंगच्या नाण्यालाही 'बॉब'च म्हणत. त्याचा आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग. तर डिकन्स म्हणतो, हा माणूस दर शनिवारी स्वतःच्या नावाच्या पंधरा प्रती खिशात घालून घरी जातो. ही सरळसरळ रॅपरची पंचलाइन आहे. अशा जागा पेन्सिलनं खुणा करून ठेव. स्क्रिप्टमध्ये त्यांचं काहीतरी झालेलं असतं, आणि कॉलबॅकला, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या बोलावण्याला, तीच पानं हातात आली तर विनोद कुठे आहे हे तुला आधीच माहीत असेल.

नाताळ आणि रॅप यांचं नातंही आजचं नाही. कर्टिस ब्लोचं 'ख्रिसमस रॅपिन' १९७९ चं. मोठ्या कंपनीनं काढलेली रॅपची ती पहिली एकल रेकॉर्ड, आणि तिची सुरुवातच नाताळच्या एका जुन्या कवितेची मोडतोड करून होते. पुढे 'हिप हॉप नटक्रॅकर'मध्ये, म्हणजे नाताळच्या प्रसिद्ध बॅलेच्या हिप-हॉप रूपात, सूत्रधार म्हणून तोच माणूस उभा राहिला. इथे शिकागोत गुडमन थिएटर १९७८ पासून दरवर्षी 'कॅरल' करतं, आणि क्यू ब्रदर्स यांनी शिकागो शेक्सपिअर थिएटरमध्ये मोजके कलाकार आणि डीजे घेऊन तीच गोष्ट रॅपमध्ये केली. म्हणजे या शहरातल्या प्रेक्षकाला गोष्ट पाठ आहे. त्याला बघायचं असतं की तू ती कशी सांगतोस.

आता रॅप. यावर जरा थांबते, कारण बहुतेक जण इथेच अडकतात.

सोळा बार म्हणजे किती? एका बारमध्ये चार मात्रा, सोळा बारच्या चौसष्ट. तुझ्या भाषेत, तीनतालाची चार आवर्तनं. नव्वदच्या लयीत हे सुमारे त्रेचाळीस सेकंद चालतं, एकशेवीसच्या लयीत बत्तीस. एवढ्या वेळात एक माणूस, एक प्रसंग आणि एक वळण, एवढंच मावतं. ज्यात बाराव्या बारच्या आसपास काहीतरी बदलतं असा तुकडा निवड. माणूस आधी फुशारकी मारतो आणि मग खरं बोलतो, किंवा भीक मागता मागता चिडतो. पॅनेलला ते वळण दिसलं की तू नट आहेस हे कळतं. सोळा बार एकाच सुरात फक्त शिरा ताणून म्हटलेले असले तर आठव्या बारनंतर आम्ही पुढचा कागद काढतो. हे ऐकायला कठोर वाटेल, पण दिवसाला शंभरजण ऐकताना तसंच होतं.

शास्त्रीय गाणं शिकलेल्यांची एक ठरलेली चूक होते, ती आधीच सांगते. आपल्याला समेवर येऊन पडायची सवय. टाळीही पहिल्या मात्रेवर. हिप-हॉपमध्ये स्नेअर, म्हणजे खणखणीत वाजणारा छोटा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजतो आणि यमक बहुधा चौथ्या मात्रेवर बसतं. सम त्याच्या नंतर येते, रिकामी, श्वास घ्यायला. तू यमक ओढून पहिल्या मात्रेवर नेलंस की सगळं भजनासारखं ऐकू येतं. महिनाभर रोज दहा मिनिटं असं कर: मेट्रोनोम अर्ध्या वेगावर लाव, त्याचा प्रत्येक ठोका म्हणजे दोन आणि चार समज, आणि त्यावर आधी नुसतं बोल. मराठीत बोल, किराण्याची यादी वाच, काहीही. अंगात दोन-चार बसलं की मग रॅप घे. यालाच इथले लोक 'पॉकेट'मध्ये असणं म्हणतात, आणि ते कानाआधी गुडघ्यात येतं.

श्वासाचं गणित कागदावर लिही. प्रत्येक ओळीपुढे तिरकी रेघ मारून कुठे श्वास घेणार ते ठरव. चौथ्या, आठव्या, बाराव्या बारच्या शेवटी तर नक्कीच, आणि मध्येही एक-दोन चोरटे. पोवाडा ऐकलायस ना? शाहीर दम टिकवून लांब ओळ टाकतो आणि झीलकरी 'जी जी रं जी' धरतात तेवढ्यात पुढचा श्वास भरून घेतो. म्युझिकलमध्ये समूह हेच काम करतो. ऑडिशनला मात्र झीलकरी नसतात, तेव्हा ती जागा तुझी तुलाच काढायची.

व्यंजनांकडे लक्ष दे. शेवटचे ट, ड, क, प खाऊ नकोस. बंद दारापलीकडे मित्राला उभं कर, म्हणून दाखव आणि त्याला काय ऐकू आलं ते लिहायला सांग. जे शब्द त्यानं चुकीचे लिहिले तिथेच काम करायचंय. मी अजून प्रत्येक नव्या कामाच्या वेळी हे करते.

उच्चारांचं विचारलंस. तू नाशिकचा आहेस, नाशिकचाच राहा. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे काढायला शीक, कारण तिथे अर्थ बदलतो. बाकी तुझा ट, तुझा ड थोडा जड पडला तरी चालतो, उलट व्यंजनं ठसठशीत पडतात म्हणून रॅपला तो मदतच करतो. पण कृष्णवर्णीय मुलाचा आवाज काढून दाखवू नकोस. तो त्यांच्या तोंडचा, त्यांच्या गल्लीतला आहे. उसना आणलास की खोलीत सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं, आणि खरं सांगते, तो अपमानच असतो. त्यांच्यासाठीची ती शिवी तर तुकड्यात कुठेच नको, दुसऱ्याच्या गाण्यातली असली तरी. ही कला ज्यांनी घडवली त्यांच्या घरी आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्यानं मोकळेपणानं वागावं, पण चपला दाराशी काढून.

'हॅमिल्टन' या गाजलेल्या हिप-हॉप म्युझिकलमधला तुकडा नेऊ नकोस. नाटक थोर आहे, २०१५ नंतर या क्षेत्रातली सगळी दारं त्यानंच उघडली. पण त्या दिवशी तेच सोळा बार आम्ही पंधरावीस वेळा ऐकलेले असतात आणि मूळ नटाशी तुलना टळत नाही. स्वतःचं लिहिलेलं न्यायला हरकत नाही, फक्त जाहिरातीत 'स्वतःचं चालेल' असं आहे का ते बघ. फोनवर नुसता बीट ठेव, मागे कोणाचा आवाज नको, दोन बार आधीपासून सुरू होईल असा कापलेला. आणि बीटशिवायही तयार राहा. मागच्या खेपेला दुपारी स्पीकर बंद पडला आणि पुढच्या नऊजणांना कोरडंच म्हणावं लागलं. त्यातले दोघेच लयीत राहिले. त्या दोघांनाही कॉलबॅक मिळाला.

एक प्रसंग जवळून सांगते. अशाच एका कॅरलच्या ऑडिशनला एक मुलगा आला. जीभ अशी की लेथवर फिरतेय. सोळा बार झाले, खोलीत कोणी हललं नाही, कारण एक शब्द कळला नव्हता. दिग्दर्शिका उठली आणि पियानो वाजवणाऱ्या काकांकडे बोट दाखवून म्हणाली, "हे तुझे मालक. उद्या नाताळ आहे, घरी आजारी मुलगा आहे, यांच्याकडे एक दिवसाची सुट्टी माग. शब्द तेच." तो मुलगा थांबला. टोपी काढली, दोन्ही हातांत धरली. पहिली ओळ जवळजवळ बोललाच, फक्त ठेक्यावर. काका त्याच्याकडे बघत नव्हते, वह्या चाळत होते, त्यामुळे दुसऱ्या ओळीला त्याला आवाज चढवावा लागला. चौथ्या ओळीला काकांनी मान वर केली तसा तो एकदम हळू झाला. शब्द तेच, फुशारकीचे, पण आता त्यांतून गयावया ऐकू येत होती. माझ्या शेजारी बसलेली वेशभूषाकार लिहायची थांबली. बॉब क्रॅचिट त्यालाच मिळाला. म्हणून घरी सराव करताना समोर कोणालातरी बसव आणि त्याच्याकडून काहीतरी माग.

गाण्याचं तुला जड जाणार नाही. सोळा बारची स्वरलिपी छापून वहीत लाव, सुरुवात आणि शेवट ठळक खुणा करून. पियानोवाल्याजवळ जाऊन पहिली ओळ हळू गुणगुणून लय दे. टिचक्या वाजवू नकोस, त्यांना तो हुकूम वाटतो. तिथे सा तुझा तू धरत नाहीस, पट्टी कागदावर छापलेली असते, तेव्हा घरी त्याच पट्टीत गाऊन घे. एखादी मींड आपोआप आली तर येऊ दे. सोल आणि गॉस्पेल या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांमध्येही सुरांना अशाच घसरत्या वाटा आहेत, पॅनेलला ती परकी वाटत नाही. ताना मात्र नकोत.

नाच येत नाही म्हणतोस. लेझीम केलीय ना शाळेत? ढोल पथकात होतास? मग वजन जमिनीत सोडायचं कसं हे अंगाला माहीत आहे. बॅलेवाली मुलं वर उचललेली असतात, हिप-हॉपला सगळं खाली लागतं: गुडघे सैल, छाती किंचित आत, ठोका टाचेतून वर येणारा. लेझमीत वाकून उठताना गुडघ्यात जो झोल येतो तो आठव. त्याला इथे 'बाउन्स' म्हणतात.

नाचाच्या फेरीत वीस-तीस मिनिटांत आठ मोजांच्या चार ओळी शिकवतात. मग तिघा-चौघांचे गट पाडून बघतात. आम्ही कोण चुकलं हे मोजत नाही. चुकल्यावर कोण पुन्हा लयीत आलं ते बघतो. शिकवताना मागे लपू नकोस. रांगा बदलायला सांगतात तेव्हा खरंच पुढे ये. पाय जमत नसतील तर आधी ठेका आणि दिशा पकड, हात शेवटी. डोळे जमिनीवर नकोत. स्वच्छ तळव्यांचे स्नीकर्स वेगळ्या पिशवीत ने, बाहेरच्या चिखलातले चालत नाहीत.

शेवटी बहुधा गोल करतात, त्याला सायफर म्हणतात, आणि एकेकाला आत यायला सांगतात. तिथे डोक्यावर फिरायचा प्रयत्न करू नकोस. न शिकलेली ब्रेकिंगची हालचाल म्हणजे मनगट मोडायचं आमंत्रण, मी ते डोळ्यांसमोर होताना पाहिलंय. सोळा मात्रा नुसता ठेक्यावर चालत आत ये, एखाद्या पात्राची चाल घे, म्हाताऱ्या स्क्रूजची घे हवी तर, थांब, बाहेर पड. दुसरे आत असताना टाळ्या दे, आवाज दे. आमच्यातला एकजण कायम बाहेर उभ्या असलेल्यांकडेच बघत असतो.

भूमिकेचं. फॉर्मवर 'कुठलीही चालेल' असं लिही, पण मनात दोन ठरवून ठेव. तुझ्या वयाला बॉब आणि स्क्रूजचा भाचा फ्रेड बसतात. मार्लीचाही विचार कर: त्याच्या साखळीला पैशाच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, खातेवह्या लटकलेल्या असतात, आणि ठेका धरायला याहून चांगलं वाद्य कुठलं? स्क्रूजला पुढचं दाखवणारा भविष्याचा आत्मा पुस्तकात एक शब्द बोलत नाही, नुसता हात लांब करून दाखवतो, म्हणून हिप-हॉपच्या प्रयोगांत मला ती भूमिका बहुधा पॉपिंग, म्हणजे अंगाला झटके देत नाच, करणाऱ्याकडेच गेलेली दिसते. ती तुझी नव्हे.

पण अशा नाटकांत खरी गरज असते एका दमात चार माणसं होणाऱ्यांची. आत्ता सूत्रधार, दोन ओळींनंतर स्क्रूजचा जुना दिलदार मालक फेझिविग, लगेच बाजारातला पोरगा. हे आपण लहानपणापासून पाहिलंय. कीर्तनकार उभ्या उभ्या आख्यान सांगतो, उपरणं खांद्यावरून डोक्यावर घेतलं की म्हातारी होतो, परत खांद्यावर टाकलं की पुन्हा कीर्तनकार. एकांकिकांमध्ये तूही हे केलं असशील. घरी आठ बार सूत्रधाराचे, चार स्क्रूजचे, चार भाच्याचे असा सराव कर. आवाज बदलण्याआधी मानेचा कोन बदल, प्रेक्षकाला तो आधी दिसतो.

कागदपत्रांचं पटकन. आठ बाय दहाचा फोटो, आत्ता जसा दिसतोस तसाच. मागे एका पानाचा रेझ्युमे, फोटोच्या मापाला कापून स्टेपल केलेला. पुरुषोत्तमची कामं त्यात घाल आणि शेजारी 'पुण्यातली आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा' असं लिही, म्हणजे कळेल. तुझा व्हिसा विद्यार्थ्याचा असेल तर पगारी काम घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचार. कॅम्पसबाहेरच्या नोकरीला आधी परवानगी लागते, आणि निवड झाल्यावर विचारलंस तर उशीर होईल. अडचणीच्या तारखांचा एक रकाना असतो, तो प्रामाणिकपणे भर. दिवाळी बहुतेकदा नेमकी तालमींच्या तोंडावर येते, आणि नाताळाच्या नाटकाचा नट नाताळात घरी जात नाही. डिसेंबरचं नाशिकचं तिकीट काढलेलं असेल तर ते आत्ताच सांग.

आणि मराठी रॅप. सोळा बार इंग्रजीतच कर, कारण नाटक इंग्रजीत आहे आणि गोष्ट पोचवतोस का हेच बघायचंय. पण रॅप लिहितोस असं रेझ्युमेच्या तळाशी नक्की लिही, 'मराठी आणि इंग्रजी' असं. तेवढं वाचून कोणीतरी विचारतंच, "ऐकवशील?" त्यासाठी आठ बार तयार ठेव. आणि ते स्क्रूजवर लिही. आपल्याकडे कवडीचुंबक हा शब्द आहे, त्यात त्याचं सगळं चरित्र आहे, आणि क, ड, च, ब अशी चार खणखणीत व्यंजनं आहेत. म्हणायच्या आधी इंग्रजीत एका वाक्यात अर्थ सांग, मग ठेका धर. खोलीतल्या कोणालाच मराठी कळत नसेल. तरी आठव्या बारला त्यांच्या माना हलत असतील तर तो तुकडा तयार झाला असं समज. ऑडिशनच्या आधी मला पाठव, मी ऐकते.